तपासणीची बाटली

ऐका ना, आमच्या खकनारच्या केळीचं सांगते, समोसे मग खा.

पानांच्या कडा जळायला लागल्या होत्या, इस्त्रीनं भाजल्यासारख्या. पप्पा म्हणे केळीला तहान लागलीय, ठिबक वाढवा. वाढवलं तर कडा अजून जळाल्या, अन् नळीखालच्या मातीवर पांढरं पांढरं यायला लागलं, मीठ सांडल्यासारखं. मी म्हटलं, बोअरचं पाणी खारं झालं असेल, तपासून घेऊ. मम्मीला बाटली दिली, भरून ठेव म्हटलं, अन् माझा चुलतभाऊ निलेशदादा ती बऱ्हाणपूरच्या लॅबमध्ये देऊन आला. तिकडून फोन आला, पाणी एक नंबर आहे, खुशाल द्या.

मग काय यार, पप्पा बिनधास्त. जितकं जळे तितकं पाणी. पूर्ण उन्हाळा मोटर चालू. सकाळी शेतात जात अन् संध्याकाळी असे येत, जसं कोणी पिळून काढलंय. घड आले तेही बारके. व्यापाऱ्यानं नुसते पाहिले अन् गाडी वळवली.

तरी परवा पप्पा म्हणे, पाणी तर चांगलंय, रोपंच खराब निघाली, पुन्हा केळीच लावू. नर्सरीवाल्या दिगंबरकाकांना फोन लावतच होते, तर मम्मी भाकर थापता थापता बोलली, "त्या बाटलीत मी माठातलं भरलं होतं."

माठात गावच्या नळाचं गोड पाणी असतं ना.

पप्पांनी फोन खाली ठेवला. "काहून?"

"तिथं साहेब लोक चाखून पाहत असतील, मले काय माहीत. आपल्या घरून कोणाले खारं पाणी पाठवायचं, बरं दिसतं का ते?"

आमच्याकडे वाटेनं जाणाऱ्यालाही माठातलंच देतात, तर ती साहेबाला बोअरचं कसं देईल. मला हसू येत होतं, पण पप्पांचा चेहरा पाहिला अन् हसू गेलं. त्यांनी आवाजसुद्धा नाही चढवला, तेवढी ताकदच नव्हती. हळूच म्हणाले, "मतलब मी पूर्ण उन्हाळा मीठच पाजत होतो."

मम्मीचा हात परातीत थांबला.

मग पप्पांनी काकांना फोन करून सांगितलं, यंदा रोपं नको. आम्हाला म्हणे कापूस लावू, तो खारं सोसतो, अन् पाऊस जितकं मीठ धुवेल तितकं धुऊ दे. शेतात गेले, मोटर बंद केली अन् तिथंच आडवे झाले. मम्मी जेवण घेऊन गेली तर गाढ झोपलेले. तिनं उठवलं नाही. बाजूला बसून राहिली.