कोरं म्हणजे शांत

पाचाच्या बटणावरचा आकडा पुसला गेलेला, बाबांच्या फोनवर पुसलाय अगदी तसाच — कचेरीत तपासणीपुरता ठेवलेला हा जुना फोन, आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर सरोवराच्या हवामानाचं पान... पांढरं. नुसतं पांढरं. अपोंडीने पुन्हा बटण दाबलं. पांढरंच.

सकाळी तिनेच ती ओळ काढली होती. नव्या पानावर हलता नकाशा आला, वाऱ्याचे रंगीत बाण आले. ज्या जुन्या ब्राउझरना हे झेपत नाही त्यांच्यासाठी ‘नोफ्रेम्स’ नावाच्या खुणेत, धोक्याच्या दिवशी, एक साधी ओळ असायची — आज वारा जोराचा, पाण्यात उतरू नका. “काढ गं ती अडगळ,” साहेब, ओडेरो, म्हणाला होता, “असलं डबडं आता वापरतं कोण?” आणि ती हसली होती. माझे बाबा वापरतात, हे तोंडातून निघालं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

खिडकीची काच थडथडायला लागली होती. तिने घाईघाईने ओळ परत घातली — पडद्यावर अक्षरं उमटली — आणि बाबांना फोन लावला. बंद. मग धाकट्या आईला, बाबांच्या दुसऱ्या बायकोला.

“गेले की! उगाली खाल्ली आणि निघाले. म्हटलं, आभाळ तरी बघा. तर म्हणे, लेकीचं पान बघितलंय, कोरं आहे.”

“कोरं म्हणजे?”

“अगं, खांबावर लाल फडकं नसलं की होड्या सुटतात, तसंच. शहरात जाऊन विसरलीस होय?”

विसरले नव्हते मी... त्याच किनाऱ्यावर वाढले. धोका असला तरच फडकं चढतं, शांत पाण्याची खूण कुणी लावत नाही — मग सकाळी कसं सुचलं नाही मला, कसं सुचलं नाही!

गस्तीच्या बोटीवाल्यांना तिने कळवलं. “बघतो, ताई,” एवढंच ते म्हणाले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने स्वतःचा फोन टेबलावर पालथा घातला, लगेच उलटून पाहिला. घंटा नाही, निरोप नाही, पडदा कोरा... आणि छातीतली धडधड किंचित उतरली, तेव्हा ती दचकली — आपणही त्याच्याकडे बाबांसारखंच बघतोय. फडकं नाही. अजून तरी नाही.

काच थडथडतच होती.