निरंजनचा आडवा हात

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि चौबे कॉलोनीतल्या आमच्या गुलाब मंडळाला बाटली लागली. त्याआधी प्रदर्शन संपलं की सरबत आणि आलूबोंड्यांवर भागायचं. मग मोठे साहेब लोक फुलं बघायला येऊ लागले, आणि मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे हे, अच्युतराव, त्यांच्यासाठी व्हिस्की ठेवू लागले. परवाना काढा म्हणून मी कानीकपाळी ओरडले. "घरच्या अंगणात कायचा परवाना?" म्हणे.

बरं, ठेवली तर ठेवली, ज्याला हवी तो घेईल. पण ह्यांना ते कुठलं जमतंय! पंगतीत जिलबी वाढण्यात जन्म गेला. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला की ह्यांना चेव येतो. एकेक बोट हळूच बाजूला करतात आणि वाढतातच. रविवारी दुपारी निरंजनशी तेच केलं. निरंजन आमचा तरुण सभासद, गावाबाहेर उरला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या रोलिंग मिलमध्ये नोकरीला. त्याच्या गुलाबाला पहिला नंबर मिळाला होता.

"काका, मले ड्यूटीवर जायचं हाय," म्हणत त्यानं ग्लासावर हात ठेवला.

ह्यांनी बोटं उचलली. "पहिला आला ना बे? माह्या हातचा एक तर घ्याच लागते!"

एकावर थांबले नाहीत. आणि मी शेजारीच उभी होते. मीही म्हणाले, "घे रे, काका एवढ्या प्रेमानं देऊन राहिले."

ड्यूटीवर जाताना उरल्याच्या वळणावर त्याची मोटारसायकल उभ्या ट्रकवर आदळली. तेव्हापासून पोरगा बेशुद्ध आहे.

आज सकाळी शेखर आला. तो मंडळातलाच, वकील. "परवाना नव्हता, ते पाहून घेऊ," तो म्हणाला. "पण पाजली कोणी, हे थानेदार विचारतीनच. त्यानं आपल्या हातानं घेतली, एवढंच बोला काका. नाही तर अंदर जाल."

ह्यांना कोठडीत बसलेलं डोळ्यांसमोर आणवत नाही. देवापुढे बसले, तर निरंजनला शुद्धीवर आण, एवढंही धड मागता येईना. शुद्धीवर आला तर तो बोलेल. हा विचार मनात आला आणि मला माझीच भीती वाटली.

दुपारी थानेदार आले. वयस्क, शांत माणूस. शेखर ह्यांच्या शेजारी बसून होता.

"उसने खुद ली," हे पढवल्यासारखं म्हणाले.

"किसी ने ज़ोर नहीं दिया?"

"नहीं साहब. हमारे यहाँ कोई किसी को ज़ोर नहीं देता."

थानेदारांनी मान हलवली आणि पेन खिशाला लावलं. माझा जीव भांड्यात पडला. मी घाईनं चहा आणि रव्याचे लाडू आणून ठेवले. त्यांनी एक लाडू खाल्ला, बरा लागला असावा.

"और लीजिए," हे म्हणाले.

"बस, शुगर है मुझे." थानेदारांनी ताटलीवर हात आडवा धरला.

मी डोळे वटारले. पण हे आपण सुटलो याच आनंदात. पुढे वाकले, थानेदारांची बोटं एकेक करून हळूच बाजूला केली. "अरे साहब, हमारे हाथ का एक तो लेना ही पड़ेगा!"

लाडू ताटलीत पडला. थानेदार त्याच्याकडे बघत राहिले, मग ह्यांच्या हाताकडे.

"निरंजन ने भी मना किया था?"

शेखर काहीतरी बोलायला लागला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणा ऐकत नसला की नेहमी असंच पाहतात, म्हणजे मी "घ्या हो" म्हणावं.

"हव," मी म्हणाले. "ऐसेइच हाथ रखा था. और मैं भी बोली थी, ले ले."