वाडा होटगीला गेला

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या इतिहास विभागात, लोखंडी कपाटावर, बंद पडलेल्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. गोडच हवं असेल तर अकलूजला जा, तिथे साखर कारखाने आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला कामाला लावलं वैजयंतीबाईंनी. त्या इथे इतिहास शिकवत. राजांचा इतिहास सगळेच लिहितात, आपण माणसांचा जमवू, असं म्हणत त्या मला खांद्याला अडकवून गावोगाव हिंडल्या. होटगीचे रेल्वे कामगार, माढ्याचे शेतकरी, सगळ्यांचं बोलणं माझ्यातून कॅसेटवर उतरलं. तेव्हा माझी ऐट काही विचारू नका.

सांगोल्याकडच्या एका माळावर आम्हाला केराबाई भेटल्या. जात धनगराची, सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. अख्खी कॅसेट भरेपर्यंत त्या बोलल्या. दुष्काळ, लांडगे, वाटेवरची बाळंतपणं. "आमचा वाडा होटगीला गेला, तवा ह्यो बिरू पोटात व्हता," असं त्यांनी सांगितलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि कॅसेटी ऐकून टाइप करायचं काम आदिनाथसरांकडे आलं. 'वाडा होटगीला गेला' हे ऐकून त्यांनी मला थांबवलं. "वाडा कसा जाईल? म्हातारी चुकली," असं पुटपुटत त्यांनी 'आमचा वाडा होटगीला होता' असं टाइप केलं. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं, असा सगळा फिरता तळ. तो चालतोच. कुणाही मेंढपाळाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण शिकलेल्या माणसाला विचारायला कमीपणा वाटतो. केराबाईंची मुलाखत 'जमीनदारांचे दगडी वाडे' या फायलीत गेली. जन्मभर आभाळाखाली चूल मांडलेल्या बाईला आम्ही कागदोपत्री जमीनदारीण केलं.

"टाइप झालंय, आता कॅसेट कशाला अडवायची?" सर म्हणाले. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ती मोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. विभागाच्या समारंभात पाहुण्यांचं भाषण त्याच कॅसेटवर भरलं. विषय होता, 'स्थानिक इतिहासाचे जतन'. केराबाईंचं बोलणं माझ्याकडूनच पुसून घेतलं. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

गेल्या महिन्यात बिरुदेव आला, केराबाईंचा मुलगा. सोबत त्याची लेक सोनाली होती. केराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि बिरुदेवच्या डोक्यावरही आता काळा केस नव्हता.

"आयचा फोटू न्हाय आमच्याकडं," तो सरांना म्हणाला. "एकडाव तिचा आवाज ऐकवा. लई उपकार व्हतील."

सरांनी आधी फाईल काढून दिली. सोनालीने वाचून दाखवली.

"दगडी वाडा?" बिरुदेव म्हणाला. "ही आमची आय न्हाय. दुसऱ्या कुनाची तरी हाय."

मग सरांनी कॅसेट शोधून माझ्यात घातली. भाषण सुरू झालं. पाहुणे इतिहास जपण्याविषयी तळमळीने बोलत होते आणि बिरुदेव मान खाली घालून ऐकत होता. हे गृहस्थ थांबले की आई बोलेल, असं त्याला वाटत होतं. भाषण संपलं, टाळ्या संपल्या. कॅसेटच्या शेवटी जरा जागा उरली होती, तिथलं जुनं बोलणं पुसायचं राहून गेलं होतं.

"बिऱ्या, बाईस्नी पानी दे की रं. लांबनं आल्याती."

एवढंच. पुढे नुसती खरखर. बिरुदेव खुर्चीतून उठून उभा राहिला होता. "देतो की, आये," असं म्हणून तो खोलीत इकडेतिकडे बघू लागला. सोनालीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस बोलेल आणि एखादा शब्द तुम्हाला कळणार नाही, तेव्हा तो सुधारू नका. माणूस समोर आहे तोवर विचारून घ्या. केराबाई त्या दिवशी जे बोलल्या, त्यातलं निम्मं बिरुदेवलाही ठाऊक नाही. आमचे सर आता विचारायला तयार आहेत, पण सांगणारी राहिली नाही.