निलोफरने लिहिलेले फोटो

विद्यापीठाची वेबसाइट सांभाळायचं काम निलोफर शेखकडे आलं, तेव्हा ती वेबसाइट सगळ्या तपासण्या पास झालेली होती. दिव्यांगांनाही ती सहज वापरता येते, असं तपासणी करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने सांगितलं होतं आणि तसं हिरवं चिन्ह पहिल्याच पानाच्या तळाशी झळकत होतं. विभागप्रमुख राकेश खैरनार सरांचा त्या चिन्हावर फार जीव. कुणी पाहुणे आले की ते आवर्जून पान खाली सरकवून दाखवायचे.

पल्लवी भोर आली ती एका दुपारी, जेवणाचे डबे नुकतेच बंद झाले होते तेव्हा. घोटीची मुलगी, इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पांढरी काठी घडी करत तिने दारातूनच विचारलं, "वेबसाइटवाल्या मॅडम इथंच बसतात का?"

"मीच. बोल ना."

"मी नाय बोलत. ऐकवते." पल्लवीने सॅकमधून लॅपटॉप काढला, इअरफोन उपसून टाकला आणि विद्यापीठाचं पान उघडलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज सुसाट सुटला. चित्र. चित्र. चित्र. बटन. बटन. आय एम जी दोन शून्य चार सात. बटन.

"हे तुमचं पहिलं पान. आता परीक्षेचा अर्ज ऐका."

रकाना, रिकामा. रकाना, रिकामा. रकाना, रिकामा.

"यात माझं नाव कुठं नि आईचं कुठं, ते कसं कळायचं? मागच्या खेपेला चुलतभावाकडून भरून घेतला. त्यानं इतिहासाच्या जागी भूगोल करून ठेवला."

निलोफरला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "पण आपल्याला हिरवं चिन्ह मिळालंय."

"अच्छा, ते होय? मला ते पण नुसतं ‘चित्र’च ऐकू येतं."

त्या दिवशी निलोफरने कॉम्प्युटरवर पल्लवीकडचंच ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं, पडदा बंद केला आणि आपणच सांभाळत असलेल्या वेबसाइटवर परीक्षेचं वेळापत्रक शोधायला लागली. दोन वेळा ती फिरून फिरून पहिल्याच पानावर आली. तिसऱ्या वेळी ग्रंथालयाच्या सुट्ट्यांमध्ये अडकली. मग तिने मुकाट्याने पडदा चालू केला आणि पल्लवीला फोन लावला. "नाशिकला कॉलेजला येतेस तेव्हा तासभर माझ्याकडे बसशील का?"

"चहा पाजणार असाल तर येते."

अशी ती यायला लागली. आधी अर्ज हाती घेतला. प्रत्येक रकान्याला नाव लागलं, बटनांना नावं लागली. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायला लागायची, त्यावर मात्र खैरनार सर अडले. "ती काढली तर उद्या यंत्रंच अर्ज भरत बसतील."

"सर, आज यंत्रंही भरत नाहीत आणि पल्लवीही भरू शकत नाही," निलोफर म्हणाली. सरांनी डोकं खाजवलं आणि त्याऐवजी मोबाइलवर येणारा क्रमांक टाकायला परवानगी दिली.

मग फोटो. विद्यापीठाकडे फोटोंना तोटा नव्हता. प्रत्येकामागे वर्णनाच्या दोन ओळी लिहायच्या, म्हणजे न दिसणाऱ्याला त्या ऐकू येतात. निलोफरने पहिल्या दिवशी पटापट लिहून काढलं: कार्यक्रमाचा फोटो. दुसऱ्या कार्यक्रमाचा फोटो. मान्यवर.

पल्लवीने ऐकलं. "ताई, लग्नाला जाऊन आल्यावर घरी एवढंच सांगता का? लग्न होतं. माणसं होती."

निलोफर सातपूरला घरी पोचली तेव्हा अम्मी फोनवर होती. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मनमाडच्या खालाला निकाहला येता आलं नव्हतं, म्हणून अम्मी आपल्या बहिणीला तो निकाह जसाच्या तसा सांगत होती. नवरीचा हिरवा शरारा पायात कसा येत होता, नवरदेवाचा मामा बिर्याणीच्या देगेजवळून कसा हलत नव्हता, काझीसाहेबांचा चष्मा वाकडा झाला तरी कुणाची सांगायची हिंमत कशी झाली नाही. पलीकडून खालाचं हसणं खोलीभर ऐकू येत होतं. निलोफर चप्पलही न काढता ऐकत उभी राहिली. लिहायचं कसं, ते तिला तिथं समजलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची बोटं थांबेनात. इतक्या वर्षांत त्या फोटोंकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं, आणि जे दिसलं ते लिहिलं. पल्लवी ऐकायची आणि टेबलावर डोकं ठेवून हसायची. खैरनार सर विचारायचे, "झालं का?" निलोफर म्हणायची, "होत आलंय सर." वर्णनं त्यांना पडद्यावर दिसत नव्हती, त्यामुळे त्यांनी ती वाचली नाहीत.

नव्या वेबसाइटचं उद्घाटन सभागृहात ठेवलं होतं. कुलगुरू आले, कुलसचिव डॉ. हिरामण गांगुर्डे आले, प्राध्यापकांनी खुर्च्या भरल्या, मागे विद्यार्थी दाटले. पल्लवी लॅपटॉप घेऊन व्यासपीठावर बसली होती, कारण परीक्षेचा अर्ज कुणाच्याही मदतीशिवाय कसा भरता येतो, ते ती करून दाखवणार होती. कुलगुरूंनी बटन दाबलं. मोठ्या पडद्यावर फोटोंचं पान उघडलं, पण फोटो येईनात. सभागृहातल्या प्रत्येकाचा मोबाइल त्याच वायफायवर होता आणि नेट मुंगीच्या पावलाने चाललं होतं.

फोटो आला नाही की त्याच्या जागी त्याचं वर्णन दिसतं, ही गोष्ट निलोफरला पक्की ठाऊक होती. ती तिला आठवली मात्र त्या क्षणी. चौकट चौकट करत तिचे शब्द पडद्यावर उमटले, मागच्या रांगेतूनही वाचता येतील एवढे मोठे.

‘कुलगुरू समई पेटवत आहेत. पायाशी विझलेल्या दोन काड्या, हातात तिसरी. पंखा बंद करायला कुणीतरी धावत निघालं आहे.’

‘वृक्षारोपण. एकच रोप आहे आणि त्याला आठ-दहा मान्यवरांचे हात लागले आहेत. रोप दिसत नाही. झारी धरलेला माळी कडेला अर्धा दिसतो.’

मागे खसखस पिकली. कुलगुरू स्वतः मोठ्याने हसले, तेव्हा पुढच्या रांगांनीही धीर केला. आणि मग तिसरी चौकट भरली.

‘प्रमुख पाहुणे भाषण करत आहेत. पहिल्या रांगेत मधोमध कुलसचिव. डोळे मिटलेले, मान उजवीकडे कललेली, मांडीवरचा गुच्छ घसरण्याच्या बेतात.’

सभागृहात हशा कोसळला. निलोफर खांबाआड सरकली. खैरनार सर तिच्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाले, "होत आलंय म्हणजे हे?"

पल्लवीला पडद्यावरचं दिसत नव्हतं, पण लोक कशाला हसताहेत, ते तिने बरोबर ताडलं होतं. ती थांबली नाही. फोटोंची वाट बघण्यात सगळे अडकलेले असताना तिच्या लॅपटॉपमधला आवाज मात्र अर्जापर्यंत पोचला होता. नाव. आईचं नाव. विषय, इतिहास. हसणं ओसरलं तेव्हा माइकवरून ऐकू आलं, "आपला अर्ज जमा झाला आहे." मग टाळ्या पडल्या, त्या बराच वेळ चालल्या.

कार्यक्रमानंतर कुलसचिवांनी निलोफरला बोलावून घेतलं. पल्लवी आपणहून बरोबर गेली. गांगुर्डे सरांच्या टेबलावर तोच फोटो उघडलेला होता. त्यांनी तो मोठा करून पाहिलेला दिसत होता.

"शेख मॅडम, मी झोपलेलो नव्हतो," ते म्हणाले. "मी डोळे मिटून ऐकत होतो."

निलोफर काही बोलायच्या आत पल्लवी म्हणाली, "मी पण तसंच ऐकते, सर."

गांगुर्डे सरांनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांची मिशी हलली, मग पोट. डोळे पुसत ते म्हणाले, "बरं बाई. मग तसंच लिहा. पण तो गुच्छ काढा. घरी मिसेस विचारतील, कुठे गेला म्हणून."

बाहेर कॅन्टीनमध्ये बसल्यावर निलोफरच्या जिवात जीव आला. नोकरी शाबूत होती, अर्ज चालला होता. ती पल्लवीला म्हणाली, "सगळी वर्णनं ठेवायला परवानगी मिळाली की."

पल्लवीने चहाचा घोट घेतला. "ताई, राग नका मानू. एक सांगू? लय लांब लिहिता तुम्ही. मज्जा येते, पण वसतिगृहाचा पत्ता शोधायचा असला की आधी अख्खी समई पेटेपर्यंत थांबावं लागतं."

निलोफरला ते लागलं. इतके दिवस हसलीस आणि आता हे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण घरी जाऊन तिने पुन्हा पडदा बंद केला, वसतिगृहाचा पत्ता शोधायला बसली, आणि समईपाशी पोचल्यावर स्वतःच्याच शब्दांवर वैतागली. पुढचे काही दिवस ती कापत बसली. जो फोटो ज्यासाठी लावलाय तेवढंच ठेवायचं, असं पल्लवीने सांगितलं होतं. नुसत्या सजावटीच्या फोटोंना वर्णनच नको, आवाजाने त्यांना ओलांडून पुढं जावं, हेही तिनेच सांगितलं. समई एका ओळीत आली. पाहुणे एका ओळीत आले. वृक्षारोपणाच्या फोटोपाशी मात्र निलोफरचा हात अडखळला. तिने मान्यवर काढले, रोप काढलं, आणि ‘झारी घेतलेला माळी’ तेवढा राहू दिला.

जूनमध्ये एम.ए.चे प्रवेश सुरू झाले. एका सकाळी पल्लवीचा घोटीहून फोन आला. मागे कुकरची शिट्टी आणि तिच्या आईचा आवाज.

"ताई, घरूनच भरतेय. चुलतभाऊ शेजारी बसलाय, त्याला हात नाय लावू दिला. पण तुमचं ते जन्मतारखेचं कॅलेंडर उघडलंय आणि काय केल्या बंद होईना. मी आत्ता एकोणीसशे अठ्ठ्याण्णवात अडकलेय."

"थांब, तिथंच थांब," म्हणत निलोफरने खुर्ची ओढली. फोन खांद्याशी धरून ती कॅलेंडर उचकटायला लागली. पलीकडे पल्लवी आईला सांगत होती की भाजी उतरव, हे काम अजून चालेल.