तपासणीच्या आदल्या दिवशी

बायजाबाईला एकच डोळा. डावा लहानपणी देवीत गेला. उरलेल्या उजव्यावर सानपाड्याच्या या बाईनं लग्न, बाळंतपणं, मिठागरातली उन्हं निभावली. मिठागरं नव्या शहरासाठी गेल्यावर वाशीच्या बाजारात मासळीची पाटी मांडली, तीही त्याच डोळ्याच्या भरवशावर. आणि त्र्याऐंशी साली तोच आतून सुजू लागला. बाहेरून किंचित लाल, एवढंच. पण डॉक्टर अरुणाबाई म्हणाल्या, "मावशी, सूज आत आहे. तिला आवरलं नाही, तर हाही डोळा जाईल."

अरुणाबाईंचा दवाखाना वाशीतल्या नव्या इमारतीत, तळमजल्यावर. अंधार करून त्या बायजाबाईची हनुवटी यंत्रावर टेकवायच्या आणि डोळ्यात उजेडाची बारीक तिरीप सोडायच्या. कौलातल्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगते, तसे सुजलेल्या डोळ्याच्या आतल्या पाण्यात कण तरंगतात, असं त्यांनीच समजावलं होतं. कण जास्त, तर सूज जास्त. ते मोजूनच औषध वाढवायचं की कमी करायचं, हे ठरायचं.

मोजून झालं, दिवा लागला, की बायजाबाई बाईंचा चेहरा बघायची. कण जास्त असले की तो उतरायचा. मग चहाही न विचारता त्या नुसत्या लिहीत बसायच्या. बायजाबाईच्या जिवाला ते लागायचं. एवढी शिकलेली पोर, माहेर लांब, पैसे मागतानासुद्धा लाजते, आणि आपण तिच्या कपाळाला आठ्या घालायच्या?

त्यात थेंबांची कटकट. बाटल्या दोन, एक सूज उतरवणारी, दुसरी बाहुली मोठी करणारी. ही दुसरी घातली की जवळचं सगळं अंधुक. विळीवर मासा कुठला आणि आपलं बोट कुठलं, कळायचं नाही. त्यामुळे धंद्याच्या दिवशी दोन्ही बाटल्या फडताळातच राहायच्या. तपासणी आली की मात्र ती बाजाराला सुट्टी द्यायची आणि आदल्या दिवसभर तासातासाला थेंब घालत बसायची. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण सारवतात, त्यातलाच प्रकार. डोकं धुवायचं, ठेवणीतलं लुगडं नेसायचं आणि डोळाही नीटनेटका करून न्यायचा. यात आपण कुणाला फसवतोय, हे तिच्या गावीही नव्हतं. कुणाच्या दारात पारोशी जायची तिची रीत नव्हती, इतकंच.

मागच्या खेपेला तर कण जवळजवळ दिसलेच नाहीत. अरुणाबाई खुलल्या. "शाब्बास मावशी!" म्हणत त्यांनी औषध निम्म्यावर आणलं आणि चहाबरोबर खारी दिली. बायजाबाई हरखून घरी आली.

नंतरच्या एका रविवारी अरुणाबाई मासळी घ्यायला बाजारात आल्या. पिशवी पुढे करता करता तिच्या लालभडक डोळ्याकडे बघून थांबल्या.

"मावशी, डोळा असा कधीपासून आहे?"

"कसा?"

"चला. आत्ताच्या आत्ता."

शेजारच्या गोजराच्या हवाली पाटी करून बायजाबाई ओल्या हातांनीच निघाली.

यंत्रात बघितलं तर कणांचा नुसता खच. बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी झालेली. "थेंब घालता ना?" अरुणाबाईंनी विचारलं. खोटं बोलणं बायजाबाईला जमेना. तिनं सगळं सांगून टाकलं.

"पण असं का केलंत?"

"डोला वाईट निघाला का तुमचा तोंड उतरतंय. मना बघवत नाय, बाय."

अरुणाबाई ओरडतील म्हणून ती मान खाली घालून बसली. त्या ओरडल्या नाहीत. "मी तुमचा डोळा मोजत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझा चेहरा." त्यांनी मागच्या तपासणीचा कागद पुढ्यात घेतला. "त्या नटवलेल्या डोळ्यावर विसंबून मी औषध वाढवायचं तिथे कमी केलं, मावशी. चिकटलंय त्यातलं थोडं सुटेल, सगळं नाही. नजर आता पहिल्यासारखी व्हायची नाही."

तेव्हा कुठे बायजाबाईला आपण काय केलं ते उमगलं. तिचा हात आपोआप त्या गेलेल्या डाव्या डोळ्याकडे वळला, आणि तिला रडू फुटलं.

पुढच्या तपासणीला ती बाजारातून तशीच आली, अंगाला मासळीचा वास, पदर ओला. विळी गोजराकडे देऊन थेंब रोज नेमानं घातले होते, तरी डोळा ठणकत होता. ती दारातच घुटमळली.

"बाय, औषध सगला घातलाय. पन आज बरा नाय वाटत. तुमाला वाईट वाटंल."

अरुणाबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "बसा."