डोस कोणता दिला?

या, असे जवळ या. मागचेही पुढे सरका, जागा आहे. आज एका कुत्र्याच्या पिल्लाची कथा सांगते, आणि एका साध्या शब्दाने घातलेल्या घोळाची. हसू आलं तर खुशाल हसा. हसणारी माणसं देवाला आवडतात असं माझं पक्कं मत आहे.

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होते. काटा केसभर हलला तरी त्यांच्या जिवाला घोर लागे. काम सुटलं आणि हा माणूस खिडकीशी घुम्यासारखा बसू लागला. मग एक दिवस लाकडाच्या वखारीतून त्यांनी ठिपक्या नावाचं पिल्लू शर्टात गुंडाळून आणलं, आणि घरात बोलणं परत आलं. "ठिपक्या, तू दोन किलो दीडशे ग्रॅम आहेस, समजलं का?" असं ते त्याला दिवसातून दोनदा ऐकवत. ठिपक्या त्यांचं बोट चावून पोच देई.

तेवढ्यात ताईच्या लेकीचा फोन आला. बाळंत झाल्यावर ती पहिल्यांदाच लेकीला घेऊन माहेरी यायची होती, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. "बाबा, पिल्लू ठेवा, माझी ना नाही. पण जंताचं औषध आणि पहिली लस झाली असेल तरच मी बाळाला आणीन. नाहीतर पिल्लू वखारीत परत!"

भाऊजींना नात हवी होती आणि ठिपक्याही. डावा डोळा ठेवू की उजवा, असं त्यांना झालं.

त्याच दिवशी ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाईंनी बाटली दिली. "रविवारी सकाळी वजनाप्रमाणे हे पाजा, आणि त्यानंतरच्या शनिवारी लसीला आणा." भाऊजींनी बाटली फडताळात ठेवली आणि वहीत तारीख लिहिली.

आता घोळ ऐका. रविवारी सकाळी भाऊजी गच्चीवर ठिपक्यासाठी खोकं ठोकत होते. खाली ठिपक्याने ताईची नवी चप्पल फस्त केली. ताईने कंबरेवर हात ठेवून त्याचा असा उद्धार केला की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. वरून भाऊजींनी विचारलं, "अगं, डोस दिला का?"

"दिला! चांगला कडक दिला!" ताई ओरडली.

भाऊजींनी वहीत लिहिलं, 'डोस दिला.' ताईला वाटत होतं, औषध काय, हे स्वतःच मापून पाजतील. चमचाभर तेलसुद्धा तोलून घेणारा माणूस! संपला पूर्वरंग.

शनिवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. ठिपक्या माझ्या पिशवीत, भाऊजींच्या बगलेत वही आणि बाटली. लस भरून तयार होती. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याचं पोट चाचपलं आणि कपाळाला आठी घातली. "पोट अजून नगाऱ्यासारखं आहे. जंत पडले का?"

"डोस दिलाय, बाई. ही बघा नोंद."

"बाटली बघू." बाईंनी ती उजेडात धरली. झाकणाचं सील जसंच्या तसं! "आजोबा, हे सील न तोडता कसं पाजलंत?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने भाऊजींकडे. मग ताईने पदर तोंडाला लावला. "अहो, मी त्याला चपलेवरून डोस दिला होता. तोंडी!"

मी हसता हसता खालीच बसले. पण भाऊजींचा चेहरा उतरला. "बाई, उद्या लेक येतेय. लस टोचून टाका ना. औषध मागाहून पाजतो."

बाईंनी हातातल्या सुईकडे पाहिलं. मग त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "एवढे जंत पोटात असताना मी टोचणार नाही. लसीचा पुरता गुण यायला हवा ना? औषध आत्ता पाजू. लस पुढच्या शनिवारी."

भाऊजींनी वही उघडली. वहीत तर 'डोस दिला' लिहिलेलंच होतं. लेकीला खोटं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ज्याने चाळीस वर्षं लोकांच्या काट्यांतला पासंग काढला, तो स्वतःच्या पारड्यात दगड कसा टाकेल? त्यांनी तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. "एक आठवडा थांबशील का गं?"

पलीकडे हसण्याचा असा स्फोट झाला की ठिपक्याने कान टवकारले. "बाबा, आईचा डोस मी लग्नापर्यंत रोज घेतलाय. त्याने जंत मरत नाहीत! थांबते मी आठवडाभर. पण पाजा नीट!"

मग काय उत्साह विचारता! भाऊजींनी स्वतः वजन केलं, बाईंच्या काट्यावर दोनदा. आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढला होता गडी. बिनसुईच्या पिचकारीत औषध भरलं, गालाच्या कडेतून हळूहळू सोडलं. ठिपक्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण थेंबही थुंकला नाही. ताई म्हणाली, "माझा डोस ऐकताना असाच चेहरा करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून भाऊजींची आरोळी आली, "पडले! पडले! सगळे पडले!"

शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊनच धावत आला. "कोण पडलं? फार लागलं का?"

"अहो, जंत!" भाऊजी म्हणाले. "या ना, बघा!" शिंपी आल्या पावली परत गेला.

पुढच्या शनिवारी लस टोचली. ठिपक्या एकदाच कुंई म्हणाला. डोळे मात्र भाऊजींनी मिटून घेतले होते. कार्डावर शिक्का बसला, पुढच्या लसीची तारीख पडली. रविवारी लेक आली. भाऊजींच्या मांडीवर नात, पायाशी ठिपक्या, आणि माणूस इतका बोलत होता की ताईला मध्ये शिरायला फट मिळेना. इतक्यात ठिपक्याने लेकीची चप्पल पळवली. ताई उठली, कंबरेवर हात गेले. भाऊजींनी बसल्या जागेवरून विचारलं, "देतेस का डोस?"

"कोणता?" ताई म्हणाली, आणि अख्खं घर हसलं. बाळसुद्धा.

एवढीच कथा. जाता जाता एक मागणं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंची आठवण काढा. सुई भरलेली होती, समोरचा माणूस विनवत होता, आणि तरी त्या थांबल्या.