चौकातल्या नळावरच्या खुणा

माझा धंदा दुभाष्याचा. बहिऱ्या माणसांच्या हातातलं तोंडाने सांगायचं आणि इतरांच्या तोंडातलं हातांनी. पाणी योजनेच्या साहेबांनी मला एका वस्तीत नेलं. तिथे एकच नवा नळ बसणार होता आणि तो अपंग माणसांना विचारूनच बसवायचा, असा वरचा दंडक होता. वस्तीत एक बहिरा शिंपी होता, म्हणून माझी वर्णी लागली.

शिंप्याच्या खोलीत शिलाई मशीन, शर्टांच्या कॉलरींचा ढीग आणि दारात अर्धी वस्ती. मी समोर बसून हात चालवले. त्याने मान डोलावली. मी मुद्दाम उलटं विचारलं, तरी तशीच डोलावली. माझ्या खुणा त्याला ओ की ठो कळत नव्हत्या. तो बहिऱ्यांच्या शाळेत कधी गेलेलाच नव्हता, मग तिथली भाषा येणार कुठून? हे आधी विचारायचं साहेबांना सुचलं नाही आणि मलाही नाही. शहाणी माणसं आम्ही.

"त्याच्या खुणा मोजक्याच आहेत, मला सगळ्या येतात," त्याची आई म्हणाली. "नळ आमच्या दारात बसवा, साहेब. माझे गुडघे धरलेत, म्हणून हा बिचारा चौकातल्या रांगेत जाऊन उभा राहतो. चार लोक बोलतात, याला काय समजतंय?"

साहेब खूश झाले. "ठीक आहे. इथे नळ आला की चौकातला बंद करू."

आईने ते मुलाला खुणेने सांगितलं, तसा तो ताडकन उठला. त्याने हवेत तोटी फिरवली, मग नाक चिमटीत धरून मान झटकली.

"हे काय म्हणतोय?" मी विचारलं. मला आता राहवेना.

"काहीतरीच करतोय," आई म्हणाली. पण तिचा चेहरा सांगत होता, की ही खूण तिने कधी पाहिलेली नाही.

दारातली फुलवाली हसली. "ती मी, ताई. सकाळी मला सारख्या शिंका येतात ना."

शिंप्याने पोटासमोर भला मोठा गोल काढला.

"हे आमच्या रांगेतले ड्रायव्हरसाहेब," फुलवाली म्हणाली. दारातल्या ड्रायव्हरसाहेबांनी पोट आत ओढलं.

मग तो एक खांदा झुकवून चालला, घसरल्यासारखं केलं आणि स्वतःच हसत सुटला. काल दूधवाला नळाजवळ आपटला होता, असं फुलवालीने सांगितलं. सगळी रांगच त्याच्या हातात होती. मी अधाशासारखी बघत राहिले.

"मग मला काय म्हणतो हा?" आईने विचारलं.

फुलवालीने नजर चुकवली. पण आई हटेना, तेव्हा फुलवालीने शिंप्याला आईकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. त्याने पंजा पालथा केला आणि हवेत हळूच खाली दाबला.

"खाली बस," आई म्हणाली. "दिवसभर हेच तर सांगते मी त्याला."

मला तिची फार दया आली. साहेब काही बोलणार होते, पण मी त्यांना हाताने थांबवलं.

"नळ चौकातच राहू द्या," आई म्हणाली. तिने कोपऱ्यातली बादली उचलून मुलाच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला. मग ती फुलवालीकडे वळली.

"बाई, याला 'जा' कसं म्हणायचं?"